कोटेशनमधलं ‘वेगळं’

सोलरवाल्याच्या कोटेशनमधला सगळ्यात महाग शब्द म्हणजे ‘वेगळं’, म्हणजे त्याचे पैसे निराळे. ३ किलोवॉटची किंमत, त्यातून ७८ हजारांची सरकारी सबसिडी वजा, खाली ठळक अक्षरात उरलेला आकडा. वर तोंडी हवाला, "भाऊ, बिल झिरो येते पाय!" स्थिर आकार मात्र येतच राहतो. आणि सबसिडी आधी वजा होत नाही. सगळं बसून, तपासणी होऊन मग ती खात्यात पडते. तोवर पैसे आपले, नाहीतर बँकेचे. सबसिडीचा अर्ज भरण्याआधी बिलावरचं नाव वाचा. आमच्या भागात बरीच मीटरं अजून स्वर्गवासी आजोबांच्या नावावर फिरतात, आणि आजोबांना ओटीपी जात नाही.

मग छत. ५४० वॉटच्या ६ प्लेटांना बिनसावलीची सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते. घर कवेलूचं असेल तर आधी स्लॅब टाका, तो अर्थात वेगळा. कोटेशनमधलं स्ट्रक्चर कमरेइतकं; खाली खाट टाकायची, मिरच्या वाळवायच्या तर उंच सांगाडा वेगळा. अर्थिंग तीन हवेत: डीसीचं (प्लेटांच्या बाजूचं), एसीचं (घराच्या विजेच्या बाजूचं) आणि आभाळातून पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या सळईचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली, की अर्थिंगही कोरडं पडतं. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं, हे कोटेशनमध्ये नसतं.

"चंद्रपूरचं ऊन म्हणजे वीजच वीज" हा हिशेब तर अगदीच भाबडा. प्लेटला ऊन हवं असतं, पण तिलाही ऊन लागतं! २५ अंशांच्या वर दर अंशाला तिची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात प्लेट ६५-७० अंशांवर तापली, की सातवा हिस्सा तिथेच गेला.

धुण्याचं म्हणाल, तर अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मारू नका. धूळ जाते, पण क्षाराचा पांढरा थर बसतो आणि तो सहजासहजी निघत नाही. गोडं पाणी, मऊ फडकं, तेही सकाळी. तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. वानरांसाठी जाळी? वेगळी.

एवढं करून भर दुपारी लाइन गेली, की आपलं सोलरही बंद. बिघाड नाही तो. तारेवर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून प्लेटांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा सोलरचा इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. डोक्यावर ६ प्लेटा तळपताहेत, खाली आपण सुपानं वारा घेतोय आणि शेजारचे काका कुंपणावरून विचारताहेत, "काहून भाऊ, तुमच्या घरी त सोलर आहे न?" त्यांना द्यायचं उत्तर म्हणजे बॅटरी आणि तिच्यावर लाइन नसतानाही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर. त्याचं कोटेशन दुसऱ्या कागदावर येते.