वाऱ्याची जागा

आज संध्याकाळी दप्तर आवरताना लेकीची चित्रकलेची वही हातात आली आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही. लांबेल, पण वाचा.

चित्र असं आहे. तळाला हिरवी पट्टी, ती जमीन. कागदाच्या अगदी वरच्या कडेला दोन बोटं रुंदीची निळी पट्टी, ते आकाश. मध्ये ती स्वतः, शेजारी जवळजवळ तिच्याच उंचीचा कुत्रा, आणि दोघांचे केस एकाच बाजूला उडालेले. बाकी सगळं कोरं. परवा ती हे काढत होती तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. सहज विचारलं, "मधे काहीच नाही का गं?" मान वर न करता म्हणाली, "आहे ना. वारा आहे. तो दिसत नाही, म्हणून रंगवायचा नाही."

सहा वर्षांची आहे ती. न दिसणारी गोष्ट कागदावर कशी दाखवायची हा प्रश्न तिला पडला आणि तिने तो सोडवलाही. केस उडवले आणि जागा मोकळी सोडली. मी निवडायचं थांबवून नुसती बघत राहिले होते.

आज त्या मोकळ्या जागेत लाल पेनाने लिहिलेलं सापडलं, 'अपूर्ण. आकाश पूर्ण रंगव.' आणि तिने रंगवलंय. लाल अक्षरांवरूनसुद्धा निळा तेलखडू फिरवलाय, इतका दाबून की कागदाची सालं निघालीत. उडालेले केस त्या निळ्याखाली गेले. कुत्र्याचे कान तेवढे दिसतात.

मी विचारलं, "वारा आहे असं टीचरना सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

हे वाक्य संध्याकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

अहो, या वयाची मुलं असंच आकाश काढतात! खाली जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी, मध्ये आपण. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने मुलांच्या चित्रांच्या या पायऱ्या १९४७ मध्येच लिहून ठेवल्यात. मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढतं. आकाश वर असतं, जमीन खाली असते, हे खरंच आहे ना? आकाश दूरवर जमिनीला टेकतं हे आपल्या मोठ्यांच्या नजरेचं गणित. तीन-चार वर्षांत तिलाही ते आपसूक दिसायला लागेल. तोवर तिला तिच्या आकाशाखाली उभं राहू द्यायला कुणाचं काय जातं?

बरं, एका वर्गात चाळीस मुलं, तपासायच्या वह्यांचा ढीग, वरून 'फाइल पूर्ण दिसली पाहिजे' असा धाक. त्या बाईंनाही कुणी काही विचारत नसेल. मान्य. पण 'हे काय आहे गं?' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? लाल पेनाने ते चार शब्द लिहायला जेवढा लागला तेवढाच.

आणि हा राग एका बाईंवरचा नाही. भिंतीवर चाळीस मुलांचे चाळीस एकसारखे कागदी हत्ती टांगलेले असतात. सोंड त्याच बाजूला, डोळा त्याच जागी, कारण कापून दिलेत मोठ्यांनी आणि मुलांनी फक्त डिंक लावलाय. आपण पालक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतो. परीक्षा जवळ आली की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा. मग त्याच मुलाला आपण शनिवारी फी भरून 'क्रिएटिव्हिटी'च्या क्लासला घालतो आणि तिथेही छापील रेघांच्या आतच रंग भरायचा असतो. रेघेबाहेर गेला की हात धरतात.

अक्षर वळणदार हवं, पाढे पाठ हवेत, हेही खरंच. त्याबद्दल माझं भांडण नाही.

फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी, हाताने माती उकरणं. १८५१ मध्ये प्रशिया या तिथल्या मोठ्या राज्याच्या सरकारने या बागांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी तो गेला, आणि बंदी उठायला १८६० उजाडलं. ज्या नावासाठी त्या माणसाने एवढं सोसलं ते नाव आज गल्लोगल्ली पाट्यांवर आहे आणि आत मुलं हाताची घडी, तोंडावर बोट! आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा हाताशी काय होतं? पानं, बिया, शंख-शिंपले. महागडं सामान नसतानाही त्यांना मुलाशेजारी जमिनीवर बसायला सुचलं. आपल्याकडे आज सगळं आहे आणि बसायला कुणाला सवड नाही.

मलाही नाही, हे लिहायलाच हवं. महिन्याभरापूर्वी ती मला एक गोष्ट सांगत होती. त्यात ढगाला ताप आला होता. मी फोनवर काहीतरी बघत म्हणाले, "ढगाला ताप येत नाही, बाळा." ती गप्प झाली. गोष्ट तिथेच राहिली. त्या तापलेल्या ढगाचं पुढे काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही, आणि आता विचारलं तर म्हणते, "विसरले." लाल पेन माझ्याही हातात होतं. फक्त त्याची खूण वहीत उमटली नाही, म्हणून मला कुणी पकडलं नाही.

सुरुवात केली तेव्हा शाळेत जाऊन जाब विचारायचा असं ठरवलं होतं. आता वाटतंय, जाईन, पण चढ्या आवाजात बोलणार नाही. वही उघडून बाईंना एवढंच सांगेन की इथे वारा होता. कदाचित त्यांनाही बरं वाटेल. त्यांच्याही लहानपणी कुणीतरी असंच काहीतरी पुसलं असेल.

मघाशी तिला झोपवायला गेले. पांघरूण नीट करत होते तर अंधारात म्हणाली, "आई, वारा निळा चालेल का?"

मी म्हटलं, "तुला कसा वाटतो?"

बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग कूस बदलत म्हणाली, "उद्या खिडकीत बसून बघते."