होमगार्ड म्हणजे लष्कर नव्हे

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात होमगार्ड आणि आपल्या कोल्हापुरातील टेंबलाई टेकडीवरील टीए (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना) बटालियन या दोहोंना ‘स्वयंसेवक दल’ म्हणून एकाच पंक्तीत बसवले आहे, ते पटत नाही. टीएचा जवान एरवी नोकरीधंदा करणारा नागरिक असला, तरी पाचारण होताच त्याला लष्करी कायदा लागू होतो आणि वेळ पडल्यास सीमेवरही जावे लागते. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात उभे राहिलेले होमगार्ड दल मात्र राज्याच्या गृहखात्याखाली येते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेशी हातात काठी घेऊन उभा असलेला होमगार्ड पोलिसांच्या मदतीला असतो आणि त्याला मिळतो तो बंदोबस्ताच्या दिवसांपुरता भत्ता (तोही अपुराच, असे माझे मत). पंचगंगेच्या पुरात दोघे शेजारी राबताना दिसले, तरी एकाला हुकूम लष्कराचा असतो, दुसऱ्याला होमगार्डच्या जिल्हा समादेशकाचा (जिल्हा प्रमुखाचा).