ॲपवरून किराणा मागवणाऱ्यांना काही प्रेमळ सल्ले

सर्वप्रथम अभिनंदन! कोपऱ्यावरच्या वाण्याला सोडून तुम्ही पण एकदाचे ॲपवर आलात. आता इथे सुखानं नांदायचं असेल तर काही गोष्टी नीट लक्षात ठेवा. मी नुकतीच अनुभव घेऊन बसलेय त्यामुळे सल्ले ताजे आहेत, निदान ॲपवरच्या कोथिंबिरीपेक्षा तरी.

बिल कधीही पूर्ण वाचायचं नाही. खालचा आकडा बघायचा, डोळे मिटायचे, पिन टाकायचा. वाचायला गेलात की हँडलिंग चार्ज दिसतो, मग थोडंच सामान घेतलं म्हणून स्मॉल कार्ट चार्ज, दोन थेंब पडले की रेन फी, आणि मग उगाच मनात प्रश्न येतात. वस्तू हाताळायचे पैसे वेगळे कशाला? अहो मग काय साबण स्वतः चालत पिशवीत येऊन बसणार? जेवणाच्या ॲपचं बघा, झोमॅटोनं ऑगस्ट २०२३ मध्ये प्लॅटफॉर्म फी सुरू केली तेव्हा ती २ रुपये होती, सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ झाली. दोन रुपयांसाठी काय भांडायचं, असं तेव्हा आपणच म्हणत होतो ना, मग बारासाठी पण भांडू नका.

देणगीच्या चौकटीत टिक आधीच मारून ठेवलेली असते, ती काढू नका, पुण्य कमवायची इतकी सोपी सोय आपल्या आजी-आजोबांना नव्हती.

‘फक्त १ शिल्लक’ दिसलं की ताबडतोब घ्या. उद्याही एकच शिल्लक असेल, परवाही असेल, पण घाई करा.

माल कुठून येतो हा विचार करू नका. जून २०२५ मध्ये राज्याच्या एफडीएनं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनानं, झेप्टो या किराणा ॲपच्या धारावीतल्या केंद्राचा परवाना निलंबित केला होता, काही खाद्यपदार्थांवर बुरशी सापडली होती आणि मुदत संपलेला माल वेगळा काढलेला नव्हता म्हणे. वाण्याकडे आपण डाळ हातावर घेऊन बघायचो, किडे आहेत का, जुनी आहे का, वर त्यालाच दोन शब्द ऐकवून यायचो. आता ॲपवर फोटो बघायचा. फोटोला बुरशी येत नाही.

दहा मिनिटांत घरपोच देण्याचं म्हणाल तर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कान टोचल्यावर ब्लिंकिट या ॲपनं जाहिरातीतून ती दहा मिनिटं काढून टाकली. त्यामुळे आता निश्चिंत मनानं ऑर्डर करा, पोरं तेवढ्याच जोरात सिग्नल तोडतायत पण जाहिरातीत तसं लिहिलेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. तक्रार करायची वेळ आली तर मन शांत ठेवा. मागच्या रविवारी नणंदेच्या घरचे सगळे जेवायला येणार होते, दही, पनीर, कोथिंबीर, बासमती असं सगळं मागवलं आणि पिशवीतून निघालं काय, तर मांजराचं खाणं, शेव्हिंग फोम आणि कोल्ड कॉफीचे कॅन. आमच्याकडे मांजर नाही. म्हणजे कुणाची तरी अख्खी पिशवी माझ्याकडे आणि माझी त्याच्याकडे, तो बिचारा अर्धी दाढी आणि उपाशी मांजर घेऊन माझ्या पनीरकडे बघत बसला असणार. डिलिव्हरीवाला मुलगा अजून जिन्यापाशीच होता, त्याला हाक मारली तर म्हणाला, "मॅडम, मला परत घेता येत नाही, तुम्ही ॲपवर टाका, नाहीतर माझा आयडी ब्लॉक होईल." ठीक आहे, ॲपवर टाकलं. बॉट आला, आणि नाव पण काय गोड ठेवतात त्याचं! "हाय! तुमची गैरसोय मी समजू शकते. कोणती वस्तू मिळाली नाही?" सगळ्याच. सगळ्याच असा पर्याय नाही. बरं, एकेक टिक केली. "कृपया वस्तूचा फोटो अपलोड करा." कुठल्या वस्तूचा? जी आलीच नाही तिचा! न आलेल्या पनीरचा फोटो कसा काढतात हे कुणाला माहीत असेल तर मला खरंच सांगा. मी रिकाम्या ओट्याचा फोटो टाकला. "फोटो स्पष्ट नाही." मग मांजराच्या खाण्याचा टाकला. "ही वस्तू तुमच्या ऑर्डरमध्ये नाही." अगं बाई, तेच तर सांगतेय ना मी मघापासून!! मला माणसाशी बोलायचंय असं लिहिलं की पुन्हा पहिल्यापासून हाय, पुन्हा गैरसोय समजू शकते, आणि एकीकडे कुकर लावायचा राहिलाय, नवरा विचारतोय पनीर कुठेय, आणि शेवटी पैसे परत केले तेही कुठे तर त्यांच्याच वॉलेटमध्ये, म्हणजे खर्च पुन्हा त्यांच्याकडेच करायचा, त्यालाही मुदत, आणि वर विचारतात आजच्या संवादाला किती स्टार द्याल. ह्यात उपरोध कुठून आणू मी, मला सुचत पण नाहीये.

असो. मन शांत ठेवा.

आणि घाबरू नका, सरकार आहे. ३० नोव्हेंबर २०२३ लाच नियमावली आलीये, १३ प्रकारचे डार्क पॅटर्न, म्हणजे ॲपवर गिऱ्हाईकाला गंडवायच्या युक्त्या, त्यात नावानिशी दिलेत. खोटी घाई करायला लावणं, कार्टमध्ये गुपचूप काहीतरी सरकवणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, सगळं आहे. जून २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःला तपासा. नोव्हेंबरपर्यंत २६ कंपन्यांनी लिहून दिलं, आमच्याकडे असलं काही नाही. दहावीला आपला पेपर आपणच तपासायचा असता तर मी पण बोर्डात आले असते.

वाण्याला मात्र पूर्ण सोडू नका. कुरिअर ठेवायला, सुट्टे मागायला, रात्री दहाला अर्धं शटर पाडलेलं असताना "काका, एक दुधाची पिशवी द्या ना" म्हणायला तो लागतोच. महिन्याची यादी ॲपवर द्यायची आणि गरज पडली की त्याच्याकडे जायचं, आणि मग दुकान बंद पडलं की सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं, अरेरे, किती चांगला माणूस होता.

बास झाले सल्ले. आता ॲपवाल्यांनो, तुम्ही ऐका. माझं लोकेशन तुमच्याकडे आहे, मागच्या वर्षी मी कुठला शाम्पू घेतला ते तुम्हाला पाठ आहे, मी कधी चिप्स मागवते ते माझ्याआधी तुम्हाला कळतं, आणि माझी पिशवी कुणाच्या दारात गेली तेवढं मात्र कळत नाही? कळतं की. बघायला माणूस ठेवायचा नाहीये, कारण माणसाला पगार द्यावा लागतो आणि बॉटला शिव्या दिल्या तरी तो राजीनामा देत नाही. लाज वाटायला पाहिजे.

आणि आपल्यालाही. चूक होते गोदामात, पैसे खातं ॲप, आणि आपण खेकसतो कुणावर, तर चार मजले चढून आलेल्या त्या पोरावर, ज्याला आपल्या बिल्डिंगमध्ये साधी लिफ्ट पण वापरू देत नाही. एक स्टार दिला की आपला राग शांत होतो आणि त्याचा दिवस बुडतो. त्याच्यावर ओरडणं बंद करा आधी. ओरडायचंच असेल तर १९१५ ला फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे ती. नाहीतर ॲपच्या तळाशी बारीक अक्षरात तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव शोधा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ते द्यावंच लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. मी शोधलं, मेल केला, रिकाम्या ओट्याचा फोटो पण जोडलाय. ४८ तास कधीच उलटून गेले, पोच आलेली नाही. वॉलेटमधले पैसे संपवा म्हणून नोटिफिकेशन मात्र रोज येतंय.