‘रोज दोन तास लेक्चर, बाकी मज्जा’: हिशेबात न धरलेला आठवडा

‘परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा एक दिवस’ या नावाने फिरणारे व्हिडिओ आणि त्यांच्याखाली चिकटून येणारा मजकूर एव्हाना सगळ्यांना पाठ झाला असेल. नऊला उठायचं, अकरा ते एक लेक्चर, मग कॅम्पसवर कॉफी, संध्याकाळी चार तास काम, रात्र मोकळी. सोबत पाच ठाम विधानं: रोज दोनच तास शिकायचं असतं, हजेरी कुणी विचारत नाही, पार्टटाइम कामात सगळा खर्च निघून वर कर्जाचा हप्ताही फिटतो, इंग्रजी आलं की झालं, आणि शनिवार-रविवार दुसऱ्या देशात. करमणूक म्हणून ठीक आहे. पण घराघरांत यावर कर्जाची गणितं मांडली जातात, म्हणून ही विधानं जरा तपासून घ्यायला हवीत.

पहिलं, दोन तासांचं. कॅमेऱ्यासमोरचा भाग खरा आहे, असे दिवस असतात. पण तिथला अभ्यासक्रम लेक्चरच्या तासांवर मोजलाच जात नाही. युरोपात अभ्यासाचं काम मोजायला ईसीटीएस क्रेडिटची पद्धत आहे: पूर्णवेळ वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. कामाचे आठवडे ४० धरले तर आठवड्याला साधारण ३८ ते ४५ तास पडतात, चक्क पूर्णवेळ नोकरी. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे १० तास आणि मास्टर्सला १८० क्रेडिट. बेरीज पुन्हा १,८००. अमेरिकेच्या सरकारी व्याख्येत तर एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातला एक तास, आणि अशा प्रत्येक तासामागे वर्गाबाहेर किमान दोन तास गृहीत आहेत. पदवीच्या परदेशी विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात, म्हणजे आठवड्याला ३६ तास झाले. हे कुणी लपवून ठेवलेलं नाही. बहुतेक युरोपीय विद्यापीठांच्या मॉड्यूल हँडबुकमध्ये, म्हणजे विषयांच्या माहितीपुस्तिकेत, प्रत्येक विषयापुढे वर्गातले तास किती आणि स्वतःच्या अभ्यासाचे किती, हे छापलेलं असतं. दुसरा आकडा बहुधा पहिल्यापेक्षा मोठा असतो.

हे तास जातात कुठे, ते एका प्रॅक्टिकलवरून कळेल. वेळापत्रकात दुपारचे तीन तास दिसतात. जर्मनीतल्या अनेक विज्ञान विभागांत प्रयोगाला हात लावण्याआधी छोटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होते: उपकरण कसं चालतं, कोणतं सूत्र वापरणार, मापात चूक कुठून येईल. तयारी नसेल तर त्या दिवशी प्रयोग नाही. प्रयोग झाला की मोजमापांवर तिथल्या सहाय्यकाची सही घ्यायची आणि घरी जाऊन अहवाल लिहायचा, आलेखांसकट आणि त्रुटींच्या गणितासकट. तो समासात शेरे घेऊन परत येतो, दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. शेवटची सही मिळाली की तो एक प्रयोग सुटला. पुढचा तोवर आलेला असतो. व्हिडिओत यातला पांढऱ्या कोटातला सेल्फी येतो. रात्री साडेअकराला तिसऱ्यांदा त्रुटीचं गणित करणारं कुणी येत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतंच.

खरी गफलत ‘एक दिवस’ या मापातच आहे. ऑक्टोबरातला मंगळवार आणि फेब्रुवारीतला मंगळवार हे एकाच विद्यार्थ्याचे असून दोन वेगळ्या जगांतले असतात. जर्मनीत अनेक विषयांचा सगळा निकाल सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर ठरतो. तीही सरसकट सगळ्यांना देता येत नाही. बऱ्याच विभागांत दर आठवड्याच्या उदाहरणसंचांत ठरावीक गुण, अनेकदा निम्मे, मिळाले तरच परीक्षेचं दार उघडतं. सत्र सुरू होताना चित्रित केलेला दिवस दाखवून ‘असं असतं बघा’ म्हणणं म्हणजे पेरणीआधीच पिकाचा अंदाज सांगणं.

हजेरीचं विधान अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त फसवं. मोठ्या लेक्चर हॉलमध्ये नाव पुकारत नाहीत, हे खरं. पण ब्रिटनमध्ये व्हिसा प्रायोजित करणाऱ्या विद्यापीठाला विद्यार्थी अभ्यासात सहभागी आहे की नाही यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि त्याने शिक्षण सोडलं किंवा तो गायब झाला तर गृहखात्याला कळवावंही लागतं. अमेरिकेत हीच नोंद सेव्हिस या सरकारी प्रणालीत राहते. परवानगी न घेता एखादा विषय सोडून १२ क्रेडिटच्या खाली गेलात तर प्रश्न मार्कांचा उरत नाही, देशात राहण्याच्या हक्काचा होतो. जर्मनीत बहुतेक लेक्चरना खरोखर कुणी विचारत नाही, पण तिथे परीक्षेच्या संधी मोजून मिळतात, साधारणपणे तीन. सक्तीच्या विषयात शेवटची संधीही गेली तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. रोजची हजेरी परवडली असं वाटायला लावणारा नियम आहे हा.

आता पैशांकडे. सगळ्यात जास्त शेअर होणारं आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारं विधान हेच.

आधी मर्यादा बघा. ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांसाठी सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, नोव्हेंबर २०२४ पासून. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत पहिल्या शैक्षणिक वर्षात साधारणपणे कॅम्पसवरचंच काम चालतं, तेही सत्रात २० तासांपर्यंत. व्हिडिओतला ‘रोज चार तास’ पाच दिवसांत ब्रिटनची मर्यादा संपवतो. शनिवारी मालकाने ‘दोन तास ये ना, माणूस कमी आहे’ म्हटलं आणि गेलात, की नियम मोडला. तिथे सरासरी चालत नाही. या आठवड्यात १५ तास केले म्हणून पुढच्यात २५ करता येत नाहीत. ‘सुट्टीत पूर्णवेळ करू’ हा हिशेबही एक वर्षाच्या मास्टर्सला लागू पडत नाही, कारण उन्हाळ्यात प्रबंध चालू असतो आणि तो काळ सत्रातच धरतात.

आता बेरीज. ब्रिटनमध्ये २१ आणि त्यावरच्या वयाच्यांसाठी एप्रिल २०२५ पासून किमान वेतन तासाला १२.२१ पाउंड होतं. त्या दराने वर्षातले सगळे ५२ आठवडे, एकही सुट्टी किंवा आजारपण न घेता, २० तास काम केलं तर महिन्याला सरासरी १,०५८ पाउंड होतात. आणि नोव्हेंबर २०२५ पासून ब्रिटिश गृहखातं व्हिसासाठी राहण्याचा खर्च म्हणून महिन्याला किती दाखवायला सांगतं? लंडनमध्ये १,५२९, लंडनबाहेर १,१७१. म्हणजे नियमात बसणारी जास्तीत जास्त पार्टटाइम कमाई या दराने सरकारने धरलेल्या नुसत्या जगण्याच्या खर्चालाही पुरत नाही. फी यात धरलेलीच नाही. हप्ता तर फार लांबची गोष्ट. हे पैसे खात्यात आधीपासून सलग २८ दिवस असावे लागतात आणि ‘तिथे जाऊन कमवीन’ हे उत्तर चालत नाही, ते उगाच नाही.

जर्मनीबद्दल हा दावा बराचसा खरा ठरू शकतो, हेही सांगायला हवं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, विभागातच सहाय्यकाचं काम मिळालं तर ते अभ्यासाला जोडूनही असतं, आणि महिन्याचा खर्च काढणारे विद्यार्थी आहेत. पण तिथेही व्हिसाआधी वर्षभराचे पैसे बहुधा गोठवलेल्या खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) ठेवावे लागतात. आणि ते काम पहिल्याच महिन्यात हाती येतं असं नाही.

शिवाय तासांची बेरीज आहेच. अभ्यासाचे चाळीस आणि कामाचे वीस, साठ झाले. त्यात रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक, आठवड्याआधी लागतो, प्रॅक्टिकलची वेळ सत्राआधी ठरलेली असते, आणि दोन्ही एकाच दुपारी आले की कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. पगाराला नाही म्हणणं अवघड असतं. मग नाही म्हटलं जातं ते अभ्यासाला.

जाता जाता एक गंमत. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. फ्रीलान्स कामं त्यात येतात, घरपोच जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपवरची कामं बहुधा येतात, आणि व्हिडिओंवरून मिळणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नाबाबतही विद्यापीठं विद्यार्थ्यांना सावध करतात. त्या व्हिसावर राहून ‘माझा दिवस’ विकणाऱ्याने आपलं हे उत्पन्न नियमात बसतं का, हे एकदा विचारून घ्यावं.

इंग्रजीचं विधान वर्गापुरतं खरं. जर्मनीत अनेक मास्टर्स अभ्यासक्रम इंग्रजीतून होतात, पण नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची पत्त्याची नोंदणी, भाडेकरार, विम्याची पत्रं, सगळं जर्मनमध्ये येतं. अर्धवेळ कामही, गोदाम किंवा स्वयंपाकघर सोडलं तर, भाषा विचारतं. आणि जिथे सगळीकडे इंग्रजीच आहे तिथे अडतं ते वेगळ्या ठिकाणी. सेमिनारमध्ये चर्चा चालू असते, वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, आणि सहभागाला मार्क असतात. लिहिताना दुसऱ्याचं वाक्य संदर्भ न देता आलं तर ते वाङ्मयचौर्य धरतात. ‘माहीत नव्हतं’ ही सबब सहसा ऐकून घेत नाहीत.

राहिला शनिवार-रविवारचा दुसरा देश. जर्मनीचा रहिवास परवाना असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, तेव्हा ते शक्य आहे. ब्रिटनमधल्या भारतीय विद्यार्थ्याला मात्र पॅरिसला जायचं तर वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागतो, आणि त्याची तयारी एका शुक्रवारच्या संध्याकाळी होत नाही. फिरण्याचे बरेच व्हिडिओ सत्राबाहेरचे असतात. जर्मनीत फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत साधारणपणे लेक्चर नसतात, पण बऱ्याच विषयांच्या परीक्षा आणि राहिलेले अहवाल त्याच काळात येतात. तेव्हा सहलीचा व्हिडिओ दिसला की तारीख बघा आणि परीक्षा आधी होती की नंतर, तेवढं विचारा.