मेल उघडला म्हणून लगेच फोन?

दादरला कशीबशी गाडीत शिरले, एका हाताने हँडल धरून विमावाल्यांचा मेल उघडला. नुसता उघडला! कुर्ला यायच्या आत फोन: "मॅडम, आत्ताच आमचा मेल पाहिलात ना?" या महिन्यातली तिसरी वेळ. डोकंच फिरलं.

घरी आलेलं पाकीट मी कधी फोडलं, हे पोस्टमन जाऊन पाठवणाऱ्याला सांगतो का? मग इथे कसं चालतं? मेलमध्ये १ बाय १ पिक्सेलचं, डोळ्याला न दिसणारं चित्र चिकटवलेलं असतं. मेल उघडला की ते त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिकडे नोंद होते: कोणी, किती वाजता, कितीदा. मला एका शब्दाने विचारलेलं नाही.

बरं, ही नोंद तरी खरी असते का? ॲपल मेलमध्ये २०२१ला आलेलं प्रायव्हसी प्रोटेक्शन चालू असेल, तर चित्रं मेल उघडण्याआधीच आपोआप डाउनलोड होतात. माणसाने मेलकडे ढुंकूनही पाहिलेलं नसलं तरी 'उघडला' अशी नोंद पडते. आणि असल्या भरवशावर ऑफिसातही जाब विचारतात, "वाचलंत, मग उत्तर का नाही?" अहो, सासऱ्यांना ॲडमिट केलं होतं, हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मेल उघडला होता मी!

काल रात्री जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवू नका, असं करून ठेवलं. पण विचारायचं काम पाठवणाऱ्याचं होतं ना? ते माझ्या गळ्यात का?