पाठीला जखम म्हणजे हेळसांडच?

‘अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखम झाली, म्हणजे घरच्यांनी हेळसांड केली’ असा मेसेज फिरतोय. हे सरसकट खरं नाही. शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणारी ही जखम, सततच्या दाबाने होते; दाबल्या जागी रक्त नीट पोचत नाही. पण रक्ताभिसरणच मंदावलं असेल, खाणं सुटलं असेल, तर वेळेवर कूस बदलूनही कातडी फाटू शकते. काळजी जोखायचीच असेल तर माकडहाड आणि टाचा बघा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी. (सावळ्या कातडीवर तो चटकन दिसतही नाही, हाताला ऊब किंवा कडकपणा लागतो.) तो घरच्यांनी कधी हेरला, पुढे काय केलं, ते विचारा. चादर कोरडी आहे? टाचा अधांतरी ठेवल्यात? चिघळून वास मारणारी जखम घरात कुणाला माहीतच नसेल, तर मात्र शंका रास्त आहे.