आवाज दे बे!

आज सकाळी चौकातल्या पानठेल्यावर गेलो तर तिथल्या पोट्ट्यानं माझ्याकडे बघितलं, पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचं थांबवलं आणि नुसते ओठ हलवले. मी म्हटलं, "काय म्हणतो?" त्यानं पुन्हा ओठ हलवले. वाटलं, तोंड भरलेलं असेल. कानामागे हात धरून जरा पुढे वाकलो, तसे बाकड्यावरचे चौघे फिसकन हसले. माझ्या डोक्यात उजेड पडला तो त्यानंतर. म्हणजे आवाज आधी, उजेड मागून. मी विज्ञानाचा शिक्षक, पण माझ्या बाबतीत निसर्गाचे नियमसुद्धा उलटे चालतात.

सर दिसले की आवाज बंद करायचा, असा खेळ रविवारपासून गावात सुरू आहे.

झालं असं, की अणुबॉम्ब बनवणाऱ्या ओपेनहायमरवरचा तो तीन तासांचा सिनेमा तालुक्याच्या टॉकीजला लागला. शहरात लागून, गाजून, सात ऑस्कर घेऊन जुना झाल्यावर. सिनेमे आमच्याकडे एस.टी.नं येतात, तेही प्रत्येक फाट्यावर थांबत. मालकानं बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'अणुबाम! फुल धमाका!' त्यामुळे बाजाराच्या दिवशी आलेली, पिशव्या घेतलेली, शेवटच्या गाडीला वेळ असलेली दोनेकशे माणसं आत येऊन बसली. पुढचं सगळं महाभारत त्या खडूमुळे.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक काका. खांद्यावर पांढरा दुपट्टा, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. बसल्यावर त्यांनी विचारलं,

"कोनता सिनेमा हाय जी?"

"अणुबॉम्बचा."

"बाम कवा फुटते?"

"जवळजवळ दोन तासांनी."

"मंग तवा मले उठवजा," म्हणाले आणि दुपट्टा तोंडावर ओढून झोपले. मला त्यांचा हेवा वाटला. त्या टॉकीजात सिनेमाकडून नेमकं काय हवं ते कळलेला तो एकटाच माणूस होता.

बाकीच्यांना ते कळायला वेळ लागला. ह्या सिनेमात ओपेनहायमरच्या मागे हात धुऊन लागलेल्या स्ट्रॉस नावाच्या साहेबाच्या बाजूचा भाग काळा-पांढरा आहे. तो आला तशी मागून पहिली आरोळी उठली, "रंग गेला!" मग दुसरी, "अबे आपरेटर, रंग टाक!" ऑपरेटरनं खिडकीतून मुंडकं काढलं. "पिच्चरच तशी हाय बे!" कुणाचा विश्वास बसला नाही. पुढच्या रांगेतल्या एकाला मी हळूच समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग तिकीट अर्धं घ्याले पाह्यजे होतं."

मधेच काका जागे झाले, ते संस्कृतमुळे. पडद्यावर गीता निघाली होती. डोळे उघडायच्या आत त्यांनी हात जोडले. मग डोळे उघडले. त्या प्रसंगात नायक-नायिका ज्या अवस्थेत आहेत ती बघून जोडलेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. आपल्याकडे दाखवताना बाईला संगणकानं काळा झगा चढवलेला आहे, पण झग्यानं झाकून झाकून झाकणार किती? शेवटी ते हात तसेच जोडलेले दुपट्ट्याखाली गेले.

अशा वेळी शिक्षकाला एकच सुचतं, माहिती द्यायची. मी सांगू लागलो, की हा माणूस बर्कलीला शिकवत असताना रायडर नावाच्या प्राध्यापकाकडे संस्कृत शिकला, गीता मुळातून वाचायचा, आणि हा श्लोक अकराव्या अध्यायातला.

"बत्तिसावा," दुपट्ट्याखालून आवाज आला.

काका पवनारकडचे निघाले. लहानपणापासून विनोबांची गीताई तोंडपाठ.

"थो काय म्हन्ते मंग, त्या श्लोकात?"

"तो म्हणतो, मी मृत्यू झालो आहे."

"काळ म्हना, काळ. 'कालोऽस्मि' हाय थे. मौत येकयेक मानूस नेते. काळ समद्याइले नेते." मग दुपट्टा खाली करून माझ्याकडे नीट बघितलं. "मास्तर, तुमी आपले विज्ञानाचेच रहा."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ, गीता घरी वाचजा नं!"

आणि मग तो प्रसंग आला. १६ जुलै १९४५, न्यू मेक्सिकोचं वाळवंट, पोलादी मनोऱ्यावर टांगलेला गोळा. स्फोट पहाटे चारला ठरला होता, तो पावसा-विजांनी साडेपाचवर ढकलला. हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. पावसानं डवरणी लांबते, बामही लांबला. कबूल केल्याप्रमाणे मी काकांना उठवलं. आकडे उलटे सुरू झाले. टॉकीजात शिट्ट्या.

पडदा पांढराफटक झाला. मग आगीचा डोंगर वर चढू लागला, गडद नारिंगी, एकावर एक. आणि आवाज नाही. काहीच नाही. नुसता श्वास. मला खरंच काटा आला. तीन सेकंद टॉकीज इतकं शांत होतं की मागच्या रांगेत कुणीतरी पन्नीत खर्रा घोटत होता, ती चुरचुर तेवढी ऐकू येत होती.

चौथ्या सेकंदाला गावानं गळा काढला.

"आवाज गेलाऽऽ!"

"आवाज दे बे!"

"आधी रंग गेला, आता आवाज गेला! पैसे वापस कर!"

खुर्च्या आपटू लागल्या. बायकांच्या बाजूनंही शिट्टी आली, ती कुणाची हे अजून कळलेलं नाही. आणि नेमकी इथे माझी बुद्धी फिरली. मी उभा राहिलो.

"आवाज गेला नाही!" मी ओरडलो. "यायचा आहे! प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, आवाज फक्त ३४० मीटर! हा माणूस ९ किलोमीटरवर आहे! २७ सेकंद लागतात!"

"खाली बस बे!"

"कोन होय थो?"

"मास्तर होय."

"सुट्टीच्या दिवशी बी शिकवते काय बाप्पा!"

शेंगांची टरफलं आली. त्याच पहाटे फर्मी नावाचा शास्त्रज्ञ १६ किलोमीटरवर उभा होता. धक्क्याची लाट आली तसे त्यानं हातातले कागदाचे कपटे सोडले, ते अडीच मीटर सरकले, आणि तेवढ्यावरून त्यानं स्फोटाचा जोर टीएनटी ह्या स्फोटकाच्या १० हजार टनांएवढा काढला. खरा जोर दुपटीहून जास्त होता, पण कपट्यांवरून तेवढं काढणं हीही गंमत नाही. त्या हिशेबानं चार रांगा ओलांडून माझ्या मानेत शिरलेल्या टरफलांवरून लोकांचा राग काढता आला असता. मी टरफलं काढत बसलो.

म्हणजे बसलो नव्हतोच. काकांनी सदरा ओढला.

"बसा जी."

"काका, तुम्हीच सांगा. वावरात वीज चमकली की गडगडाट कधी येतो?"

"मंगून येते."

"मग? हे तेच आहे!"

"वावरात का मी तिकीट काढून जातो?" काका म्हणाले. "इथं शंभर रुपये देल्ले. उजेड आन् आवाज, दोनी संगच पाह्यजे."

ह्याला उत्तर नाही. न्यूटनलाही सुचलं नसतं.

इकडे ऑपरेटर बिचारा. रंगावरून शिव्या खाल्लेल्या, आता आवाजावरून घरच्यांचा उद्धार चालू. त्यानं हाताशी होतं ते बटण फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं. आणि मग, सिनेमानं ठरवलेल्या वेळेला, स्फोटाचा आवाज आला.

टिनाचं छत वाजलं. वर राहणारी कबुतरं सगळी एकदम खाली आली. पंख्यांवरची कित्येक वर्षांची धूळ आमच्या डोक्यावर बसली. एक पोरगं भोकाड पसरून रडू लागलं, काकांच्या पिशवीतला सांबार पुढच्या रांगेत गेला, आणि मागे खर्रा घोटणाऱ्यानं तो एव्हाना तोंडात टाकला असावा, कारण त्यानं तो अख्खा गिळला. पुढे बराच वेळ त्याची उचकी ऐकू येत होती. ऐकू येत होती, कारण दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. टॉकीजचा पोंगा, म्हणजे स्पीकर, फाटला होता.

तो श्लोक आपल्याला तेव्हा आठवला, असं ओपेनहायमरनं पुढे सांगितलं. धाकट्या भावाच्या आठवणीप्रमाणे तोंडातून निघालं ते एवढंच, की जमलं. आमच्याकडे ऑपरेटर खिडकीतून काय बोलला ते इथे लिहिता येत नाही.

बाम फुटला, पैसे फिटले, म्हणून अर्धे लोक उठून गेले. सिनेमा अजून तासभर बाकी होता. आता पडद्यावर सुटाबुटातली माणसं एका खोलीत बसून नुसते ओठ हलवत होती. मी वाट बघितली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. शंभर रुपये मीही दिले होते. शेवटी उठलो आणि खिडकीकडे तोंड करून ओरडलो,

"आवाज!"

उरलेलं टॉकीज एका सुरात म्हणालं,

"येते जी सर! दम धरा! सत्तावीस सेकंद!"

ह्यात आमच्या शाळेतल्या दहावीची तीन पोरं होती. त्यांचा आवाज मला ओळखू आला. वर्गात पाढा विचारला तर ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा ह्या नावाचं एक कपाट आहे. त्याची किल्ली तीन मुख्याध्यापकांमागे हरवली. आत सूक्ष्मदर्शक आहे म्हणतात. मी मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरतो, खिचडीच्या तांदळाचा हिशेब लिहितो, कुणाकडे संडास आहे ते मोजतो, आणि वेळ उरला तर प्रकाश व ध्वनी शिकवतो. कुणी कधी काही विचारत नाही. सबंध नोकरीत एकदा, फक्त एकदा, दोनशे माणसांसमोर माझ्या धड्यातला प्रश्न उभा राहिला. उत्तर मला येत होतं. बरोबर होतं. आणि माझ्या मानेत टरफलं गेली.

काका मात्र थांबले होते. सांबार वेचून परत पिशवीत भरला होता.

"आता हे काय करून रायले?"

"चौकशी. १९५४ सालची. ज्यानं बॉम्ब करून दिला, त्यालाच विचारतात, तू देशाशी इमानी आहेस की नाही. चार आठवडे चालली. गुप्त कागद बघायचा त्याचा परवाना काढून घेतला. परवान्याची मुदत दुसऱ्या दिवशी आपोआप संपणारच होती."

"मंग कायले काढला?"

"काढायचाच होता म्हणून."

काकांनी मान हलवली. हा भाग त्यांना आवाजाशिवाय समजत होता.

"मंग पुढं?"

"१९६७ मध्ये तो वारला. २०२२ मध्ये सरकारनं सांगितलं, की तो निर्णय चुकीच्या पद्धतीनं झाला होता, रद्द."

काका बोटांवर मोजू लागले. "मेल्यावर पंचावन्न वर्सं." थोडा वेळ पडद्यावरचे हलते ओठ बघत बसले. "माह्या बापाचं नाव सात-बारावर चुकलं हाय. त्याले जाऊन वीस वर्सं झाले. म्हनजे अजून पस्तीस दम धराचा."

मला हसू आलं नाही. माझ्या सेवापुस्तकात माझी जन्मतारीख अशी आहे की मी वयाच्या नवव्या वर्षी नोकरीला लागलो. दुरुस्तीचा अर्ज दरवर्षी देतो.

बाहेर पडलो तेव्हा मालक दारात उभा होता. "सर, पोंग्याचं काय?" म्हणाला. मी म्हटलं, माझा काय संबंध? तर म्हणे, "आवाज यायचा हाय म्हनून तुमीच तं उभं राहून सांगत होते." काकांकडे बघितलं, साक्ष द्यायला. काका म्हणाले, "सांगत तं होते जी," आणि शेवटची एस.टी. पकडायला धावले.

पोंग्याचे पैसे मी देणार नाही, हे ठरलं आहे. पानठेल्यावरच्या त्या पोट्ट्याचे माझ्याकडे सत्तर रुपये निघतात. उद्या तो मागेल तेव्हा मीही नुसते ओठ हलवणार आहे.